सरकारी वकील तारीख का मागतात? वाचकांचे प्रश्न : सेवेतील वाद आणि नुकसानभरपाई

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे सरकारी नोकरीतले वाद आणि कामावरच्या अपघाताची भरपाई या दोनच विषयांवरची आहेत, आणि सरकारी वकील मुद्दाम वेळ काढतात ही तक्रार त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. मी काही वर्षे न्यायाधिकरणात शासनाच्या बाजूने उभी राहिले आहे आणि त्यानंतर बरीच वर्षे कर्मचाऱ्यांच्या बाजूने, त्यामुळे उत्तरे देताना टेबलाच्या दोन्ही बाजूंचे सांगण्याचा प्रयत्न केला आहे. पत्रलेखकांची नावे आणि कार्यालये अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मी वरिष्ठ लिपिक (गट-क) म्हणून मे २०२३ मध्ये सेवानिवृत्त झालो. मला २००९ मध्ये आश्वासित प्रगती योजनेचा (ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर पदोन्नती नसली तरी वरची वेतनश्रेणी) लाभ मिळाला होता. निवृत्तीच्या वेळी वेतन पडताळणी पथकाने ती वेतननिश्चिती चुकीची असल्याचा आक्षेप घेतला आणि माझ्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) ३,१२,४८० रुपये कापून घेतले. मला आधी नोटीसही दिली नाही. मी मॅटमध्ये मूळ अर्ज दाखल केला असून गेल्या पाच तारखांना सादरकर्ता अधिकारी ‘उत्तर दाखल करण्यास वेळ द्यावा’ एवढेच म्हणतात. हे मुद्दाम चालले आहे का? माझ्या बाजूने कायद्यात काही आहे का?
– सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, मराठवाडा

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला दिलासा देणारे आहे, पण पहिला प्रश्न सगळ्याच वाचकांच्या उपयोगाचा असल्याने त्यापासून सुरुवात करते.

महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे आपण ज्याला मॅट म्हणतो ते, ८ जुलै १९९१ पासून मुंबईत आणि नागपूर व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील खंडपीठांत चालते. तेथे शासनाची बाजू मांडणाऱ्या वकिलांना सादरकर्ता अधिकारी म्हणतात. विभागीय चौकशीत खात्याच्या बाजूने पुरावा मांडणाऱ्या अधिकाऱ्यालाही हेच नाव असल्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो, पण त्या दोन व्यक्ती आणि दोन कामे पूर्णपणे वेगळी आहेत. मॅटमधल्या सादरकर्त्या अधिकाऱ्याला आपल्या प्रकरणातले स्वतःचे असे काहीही ठाऊक नसते. आपल्या अर्जाची प्रत मुख्य सादरकर्ता अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोहोचते, तेथून मंत्रालयातल्या प्रशासकीय विभागाला पत्र जाते, विभाग ते आयुक्तालयाला पाठवतो, आयुक्तालय जिल्हा कार्यालयाला, आणि जिल्हा कार्यालयात ते शेवटी आस्थापना शाखेच्या एका लिपिकाच्या टेबलावर येऊन पडते. त्याने आपल्या अर्जाच्या प्रत्येक परिच्छेदावर शेरे लिहून पाठवायचे असतात. हे परिच्छेदनिहाय अभिप्राय त्याच वाटेने उलटे वर येतात, त्यावरून सादरकर्ता अधिकारी प्रतिज्ञापत्राचा मसुदा करतात, तो मसुदा मान्यतेसाठी पुन्हा खाली जातो आणि कोणीतरी जबाबदार अधिकारी त्यावर शपथेवर सही करतो. आपल्या अर्जात चार प्रतिवादी असतील, तर क्रमांक एक समजतात की उत्तर क्रमांक तीन देणार आहेत आणि क्रमांक तीन मार्गदर्शनाची वाट पाहत बसतात.

मी शासनाच्या बाजूने काम करत असताना एका जिल्हा कार्यालयाकडून अभिप्राय आले होते. अर्जाच्या परिच्छेद ६.१ मध्ये ‘अर्जदार भारताचा नागरिक असून महाराष्ट्राचा रहिवासी आहे’ एवढेच वाक्य होते, आणि त्यासमोर शेरा होता, ‘मान्य नाही’. पुढच्या अकरा परिच्छेदांसमोरही तेच दोन शब्द होते. असा कागद हातात आल्यावर वकिलाने काय करायचे? तो पुन्हा परत पाठवायचा आणि न्यायाधिकरणासमोर उभे राहून आणखी तीन आठवडे मागायचे. त्या दिवशी समोर बसलेल्या अर्जदाराने मला मनातल्या मनात काय म्हटले असेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. तेव्हा विलंब खरा आहे आणि त्याचा त्रासही खरा आहे, पण तो बहुतेक वेळा वकिलाच्या डावपेचातून येत नाही, नस्तीच्या, म्हणजे फाइलच्या, प्रवासातून येतो. याला अपवाद नाहीत असे मी म्हणणार नाही.

आपण एवढे करा : पुढच्या तारखेला आपल्या वकिलांमार्फत अशी विनंती करा की उत्तर दाखल करण्याची ही शेवटची संधी समजावी आणि उत्तर न आल्यास उत्तराविना सुनावणी घ्यावी. वारंवार वेळ मागणाऱ्या कार्यालयावर न्यायाधिकरण खर्चही बसवते, आणि खर्चाचा आदेश जिल्हा कार्यालयात पोहोचला की उत्तर आश्चर्यकारक वेगाने येते.

आता वसुलीविषयी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसिह या प्रकरणात, खात्याच्याच चुकीने जादा वेतन दिले गेले असेल तर कोणत्या परिस्थितीत वसुली करता येणार नाही, याची यादी दिली. गट-क आणि गट-ड कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा एका वर्षात निवृत्त होणारे कर्मचारी, आणि वसुलीच्या आदेशाच्या आधी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेलेली प्रकरणे, अशा तिन्ही प्रकारांत आपण बसता. शासनाच्या बाजूने याला दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम १३४-क, ज्यात जादा दिलेल्या रकमेच्या वसुलीची तरतूद आहे. पण त्याच नियमात कर्मचाऱ्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देण्याचीही अट आहे, आणि आपल्याला नोटीसच दिलेली नाही. दुसरे, आणि अधिक जड, म्हणजे हमीपत्र. वेतन आयोगाच्या वेळी विकल्पाच्या फॉर्मबरोबर ‘जादा रक्कम आढळल्यास परत करीन’ असे लिहून घेतलेले असते, आणि २०१६ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालय विरुद्ध जगदेव सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे हमीपत्र देणाऱ्याला वसुली नाकारता येणार नाही असे म्हटले. म्हणून आपल्या सेवापुस्तकाची प्रमाणित प्रत मागवून त्यात असे हमीपत्र आहे का, ते कोणत्या वर्षी आणि नेमक्या कोणत्या वेतननिश्चितीसाठी घेतले, हे आधी पाहून घ्या. जगदेव सिंग हे न्यायिक अधिकारी होते, गट-क कर्मचारी नव्हते, आणि त्यांचे हमीपत्र ज्या वेतनवाढीसाठी होते तीच वेतनवाढ वादात होती. हे दोन फरक आपल्या वकिलांनी युक्तिवादात मांडले पाहिजेत.

एका बाबतीत मात्र मनाची तयारी ठेवा. वसुली रद्द झाली तरी चुकलेली वेतननिश्चिती यापुढे दुरुस्त करण्याचा शासनाचा अधिकार सहसा शाबूत राहतो. अनुभवी सादरकर्ता अधिकारी अशा प्रकरणात वसुलीचा मुद्दा फारसा ताणत नाहीत आणि निवृत्तिवेतनाचा सुधारित आकडा वाचवतात. ती रक्कम दरमहा आपल्या हातातून जाणार असल्याने, आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मुळातच बरोबर होता असे आपले म्हणणे असेल, तर अर्जात ती मागणी स्वतंत्रपणे असायला हवी.

प्रश्न : मला निलंबित करून सात महिने झाले आहेत, अद्याप दोषारोपपत्र मिळालेले नाही. मॅटमध्ये गेल्यास सरकारी वकील काय म्हणतील?
– ग्रामस्तरीय महसूल कर्मचारी, विदर्भ

उत्तर : पहिला आक्षेप असा येईल की आपण अपील केलेले नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली निलंबनाच्या आदेशाविरुद्ध अपील करता येते, आणि प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २० प्रमाणे उपलब्ध उपाय संपवल्याशिवाय न्यायाधिकरण सर्वसाधारणपणे अर्ज दाखल करून घेत नाही. ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द कलमातच आहे आणि त्याच्या आधारे मार्ग निघतो, पण आज अपील करून पोच घेणे अधिक शहाणपणाचे आहे. मुख्य मुद्द्यावर शासनाकडे फारसे सांगण्यासारखे नसते : अजय कुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये, तीन महिन्यांत दोषारोपपत्र न दिल्यास निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही असे सांगितले, आणि सामान्य प्रशासन विभागाने ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ते स्वीकारले. या शासन निर्णयाची प्रत अपिलाला जोडा. मॅटच्या नोटिशीनंतर घाईघाईने दोषारोपपत्र बजावले जाण्याची शक्यता गृहीत धरा आणि त्या दृष्टीने अपिलाची तारीख कागदावर येऊ द्या.

प्रश्न : माझे दाजी एका शासकीय वसतिगृहाच्या बांधकामावर ठेकेदाराकडे रोज ६०० रुपये मजुरीवर काम करत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये परांची तुटून ते पडले आणि मरण पावले. वय ४० पूर्ण होते. ताईने भरपाईचा अर्ज केला, त्यात ठेकेदार आणि सार्वजनिक बांधकाम खाते दोघांना सामनेवाले केले आहे. ठेकेदार गायब आहे. सरकारी वकिलांनी कैफियतीत (लेखी उत्तरात) लिहिले आहे की मयत हे खात्याचे कर्मचारी नव्हते, मालक-नोकर संबंध नाही, ते तात्पुरत्या स्वरूपाच्या कामावर होते आणि त्यांच्या मजुरीचा पुरावा नाही. आता केस संपली असे गावातले लोक म्हणतात.
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : केस संपलेली नाही. आपण सांगितलेली कैफियत इतकी ठरावीक साच्याची आहे की ती कार्यालयात आधीच टाइप करून ठेवलेली असते असे मला कधीकधी वाटते. तिच्यातला एकेक मुद्दा घेऊ.

हे प्रकरण १९२३ च्या कायद्याखाली चालते, ज्याला पूर्वी कामगार नुकसानभरपाई अधिनियम म्हणत आणि जानेवारी २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे, परंतु आपला अपघात त्याआधीचा असल्यामुळे हक्क जुन्या कायद्याप्रमाणेच ठरेल. या कायद्याच्या कलम १२ मध्ये मुख्य मालकाची कल्पना आहे. ज्याने आपल्या धंद्याचे नेहमीचे काम ठेकेदाराकडून करून घेतले, त्याने ठेकेदाराच्या मजुराला आपल्याच मजुराप्रमाणे भरपाई द्यायची आणि मग ती ठेकेदाराकडून वसूल करून घ्यायची. म्हणजे खात्याचा आणि दाजींचा थेट मालक-नोकर संबंध होता की नाही, हा प्रश्नच येथे निर्णायक नाही. शासनाचा ‘धंदा’ कसला, असा युक्तिवाद पुढे येतो, पण कायदा करणाऱ्यांनी त्याचे उत्तर कलम २(२) मध्ये आधीच देऊन ठेवले आहे : शासनाच्या खात्याने आपली कर्तव्ये पार पाडणे हाच या कायद्यापुरता त्याचा व्यवसाय मानायचा. शासकीय इमारती बांधणे हे बांधकाम खात्याचे कर्तव्य नाही, असे म्हणायला कोणताही कार्यकारी अभियंता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात धजणार नाही. अपघात खात्याने हाती घेतलेल्या किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेवर झालेला असावा लागतो, आणि आपल्या प्रकरणात तो बांधकामावरच झाला आहे. तात्पुरत्या कामाचा आक्षेप तर २००० सालच्या दुरुस्तीनंतर उरलेलाच नाही, कारण नैमित्तिक कामगारांना वगळणारे शब्द तेव्हाच कायद्यातून काढून टाकले गेले. तरीही हा आक्षेप कैफियतीत येत राहतो, कारण जुनी कैफियत समोर ठेवून नवी लिहिली जाते.

आता पुराव्याकडे या, कारण खरी लढाई तेथे आहे. सरकारी वकिलाचा बचाव खात्याच्या कागदांवर उभा असतो आणि बहुतेक वेळा त्याच कागदांवर कोसळतो. खात्याकडे ठेकेदाराचा करारनामा असतो, कार्यारंभ आदेश असतो, मोजमाप पुस्तक असते आणि कामगारांचा विमा काढल्याचे प्रमाणपत्रही असायला हवे, कारण त्याशिवाय देयके काढायची नसतात. हे सर्व हजर करण्याचा आदेश मिळावा म्हणून अर्ज द्या. एका प्रकरणात मी मोजमाप पुस्तक मागवले, तर अपघाताच्या तारखेला त्याच मजल्याच्या स्लॅबची नोंद शाखा अभियंत्याने स्वतःच्या सहीने केलेली निघाली; त्यानंतर ‘त्या दिवशी काम बंद होते’ हा मुद्दा कोणी पुन्हा काढला नाही. विमा पॉलिसी सापडली तर विमा कंपनीलाही सामनेवाले करून घ्या. शेजारच्या मजुरांच्या साक्षी, पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल तर हवेतच. मजुरीचे मस्टर नसेल तर किमान वेतनाची त्या काळातली अधिसूचना दाखल करा. मजुरी शून्य होती असे तर कोणी म्हणू शकत नाही.

रकमेचा हिशेब असा आहे. दिवसाला ६०० रुपये आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर मजुरी १५,६०० रुपये होते, परंतु ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरता येतात. मृत्यूच्या बाबतीत त्याचे निम्मे, म्हणजे ७,५०० रुपये, आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. पूर्ण ४० वर्षांसाठी गुणक १८४.१७ आहे, म्हणून रक्कम १३,८१,२७५ रुपये येते. अंत्यविधीसाठी ५,००० रुपये वेगळे. यावर दरसाल १२ टक्के व्याज असते, म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजार. हे व्याज आयुक्तांच्या, म्हणजे या कायद्याखाली भरपाईचा अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या, निकालाच्या तारखेपासून नाही तर अपघाताच्या तारखेपासून मोजावे लागते, कारण भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात १९७५ मध्येच ठरवून दिले आहे. सबळ कारणाशिवाय रक्कम महिन्याभरात जमा केली नाही तर निम्म्यापर्यंत दंडही बसू शकतो, आणि तो विमा कंपनीच्या नव्हे, मालकाच्या खिशातून जातो. मी शासनाच्या बाजूला असताना हाच हिशेब कागदावर मांडून कार्यकारी अभियंत्यांना पाठवत असे, कारण कायद्याच्या कलमांपेक्षा वाढत जाणारा व्याजाचा आकडा त्यांना लवकर पटायचा.

आणखी दोन गोष्टी ताईंना जरूर सांगा. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम आयुक्तांकडेच जमा व्हायला हवी. ठेकेदाराचा माणूस उगवून काही हजार रुपये देऊन कोऱ्या कागदावर अंगठा मागू लागला तर देऊ नये, अशी थेट दिलेली रक्कम कायद्याने भरपाई मानलीच जात नाही. आणि निकाल बाजूने लागल्यावर शासन अपिलात जाईल या भीतीने खचू नये. कलम ३० खाली उच्च न्यायालयात अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर होते, आणि मालकाला, मग तो शासन असला तरी, आधी पूर्ण रक्कम जमा करून तसे प्रमाणपत्र अपिलासोबत जोडावे लागते. दाजींची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी असेल तर कामावरील मृत्यूसाठी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे ५ लाख रुपयांचे साहाय्य आहे. त्याचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो.

प्रश्न : मी एसटीमध्ये वाहक आहे. अपहाराच्या आरोपावरून मला बडतर्फ केले आहे. मॅटमध्ये जाता येईल का? महामंडळाचे वकील सरकारी वकीलच असतात ना?
– एक वाहक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. राज्य परिवहन महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाखालची स्वतंत्र संस्था आहे आणि तिचे कर्मचारी राज्य शासनाचे कर्मचारी नाहीत. २०२१-२२ चा तो दीर्घ संप ज्या विलीनीकरणाच्या मागणीसाठी झाला, ती मागणी नेमकी हीच रेषा पुसण्याची होती, आणि ती मान्य झाली नाही. महामंडळ स्वतःच्या पॅनेलवरचे वकील नेमते. आपला मार्ग १९७१ च्या महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाखाली कामगार न्यायालयात तक्रार करण्याचा आहे आणि तिची मुदत ९० दिवसांची आहे. पत्रावर तारीख नाही, म्हणून हे आजच सांगते.

याच निमित्ताने : जिल्हा परिषदेचे कर्मचारी, न्यायालयांतील कर्मचारी आणि खासगी अनुदानित शाळांतील शिक्षक हेही मॅटमध्ये जाऊ शकत नाहीत, शिक्षकांसाठी शाळा न्यायाधिकरण आहे. गोव्यातील एका वाचकाने विचारले आहे की तेथे असे न्यायाधिकरण आहे का. गोवा प्रशासकीय न्यायाधिकरण नावाची संस्था आहे, पण ती याच्यासारखी नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला सेवेच्या वादासाठी पर्वरीच्या उच्च न्यायालयातच जावे लागते. चुकीच्या दारात अर्ज गेला की सरकारी वकिलाला गुणदोषांवर एक शब्दही बोलावा लागत नाही, अधिकारक्षेत्राचा एक परिच्छेद पुरतो.

प्रश्न : माझे पती पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार आहेत. पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलने जात असताना टँकरने धडक दिली आणि एक पाय गमवावा लागला. खात्याचे म्हणणे की अपघात रस्त्यावर झाला, कालव्यावर नाही, म्हणून भरपाई बसत नाही. हे बरोबर आहे का?
– एक वाचक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : काही काळापूर्वीपर्यंत सरकारी वकील हा मुद्दा बऱ्याच जोराने मांडू शकत होते. मिठागरावरून परतताना खाडीत होडी उलटून बुडालेल्या मजुरांना भरपाई नाकारणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ चा सौराष्ट्र सॉल्ट प्रकरणातील निर्णय त्यांच्या हाताशी असे. त्याच्या उलट १९६३ मध्ये, कामावरून सुटून बेस्टच्याच बसने घरी जाणाऱ्या मुंबईच्या बेस्ट चालकाच्या विधवेला भरपाई मिळाली, कारण त्या प्रवासाचा नोकरीशी जवळचा संबंध होता. या दोन निर्णयांच्या मध्ये पुढची साठ वर्षे प्रत्येक प्रकरणात रस्सीखेच चालली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील साखर कारखान्याच्या एका रखवालदाराच्या कुटुंबाला न्याय दिला. २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलने जाताना, कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर त्याचा अपघात झाला होता. आयुक्तांनी दिलेले ३,२६,१४० रुपये उच्च न्यायालयाने रद्द केले होते आणि ते सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिले. अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर घरापासून कामापर्यंतचा प्रवासही कामाच्या ओघात धरायचा, असे त्यात ठरले आहे. आपल्या पतींची पाळी, रस्ता आणि वाहन पाहता त्या निर्णयाशी याहून जवळचे प्रकरण मिळणे अवघड आहे. पाळीपत्रक आणि हजेरीची नोंद मात्र आजच नक्कल काढून ठेवा.

पण त्याआधी एक निर्णय आपल्याला घ्यायचा आहे, आणि तो खात्याचे वकील आपल्याला सांगणार नाहीत. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६७ प्रमाणे, अपघाताची भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणात किंवा कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे, दोघांपैकी एकाच ठिकाणी मागता येते. टँकरचालकाची चूक सिद्ध होण्यासारखी असेल आणि टँकरचा विमा असेल, तर मोटार अपघात न्यायाधिकरणात १५,००० रुपयांची मर्यादा नसते आणि रक्कम सहसा बरीच मोठी होते. टँकर सापडलाच नसेल किंवा चूक पतींवर ढकलली जाण्याची भीती असेल, तर आयुक्तांचा मार्ग बरा, कारण तेथे कोणाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही. पोलिसांचा पंचनामा हातात घेऊनच हे ठरवा.

प्रश्न : मॅडम, मी अलीकडेच सहायक सरकारी वकील म्हणून काम सुरू केले आहे. सेवाविषयक प्रकरणांत कधीकधी नस्ती वाचताच दिसते की कर्मचाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. अशा वेळी मी काय करावे? खाते म्हणते, ‘तुमचे काम बचाव करण्याचे.’
– एक तरुण वकील

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी १९५० च्या दशकात कालुराम सीताराम प्रकरणात लिहून ठेवले आहे की शासनाने नागरिकाशी वागताना एरवी तांत्रिक मुद्द्यांचा आडोसा घेऊ नये, आणि नागरिकाची मागणी न्याय्य आहे असे पटल्यावर, कायदेशीर बचाव उपलब्ध असला तरी, प्रामाणिक माणसासारखे वागावे. हा निर्णय कर्मचाऱ्यांचे वकील आपल्याला वाचून दाखवतीलच. आपण तो त्यांच्याआधी आपल्या खात्याला वाचून दाखवावा, असे मला वाटते. दावा मान्य करण्याचा अधिकार आपला नाही, तो खात्याचा आहे, आणि सूचना नसताना उभ्या उभ्या कबुली देणे हेही चुकीचेच. आपल्या हातात असतो तो लेखी अभिप्राय. समान परिस्थितीतल्या कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल लागून तो कायम झाला असेल, तर इतरांनाही तोच लाभ द्यावा आणि प्रत्येकाला न्यायालयात यायला लावू नये, हे उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध अरविंद कुमार श्रीवास्तव या प्रकरणात २०१४ मध्ये ठरले आहे. उशिरा जागे झालेल्या, वर्षानुवर्षे कुंपणावर बसून राहिलेल्या लोकांचा अपवाद त्यातच आहे. हा निर्णय लागू पडतो की अपवाद, एवढे दोन परिच्छेदांत लिहा आणि विधी व न्याय विभागाचा अभिप्राय घ्यावा अशी शिफारस करा. मुदतीचा आक्षेप खरा असेल तेव्हा तो जरूर घ्या. स्मरणपत्रामागून स्मरणपत्रे पाठवून मुदत वाढत नाही हे अर्जदारांनाही कळायला हवे. पण वेतनाच्या चालू नुकसानीसारख्या बाबतीत, जेथे दरमहा नवे कारण उद्भवते आणि थकबाकी तीन वर्षांपुरती मर्यादित करून लाभ देता येतो, तेथे संपूर्ण अर्जच मुदतबाह्य म्हणू नका.

खरी कसोटी प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात लागते. खाते लिहून पाठवते, ‘असे कोणतेही अभिवेदन प्राप्त झालेले नाही’, आणि त्याच नस्तीच्या पान ४७ वर त्याच अभिवेदनावर आवक शिक्का असतो. ते वाक्य मसुद्यात घेऊ नका. पान क्रमांक देऊन अधिकाऱ्यांना पत्र लिहा आणि खुलासा येईपर्यंत मसुदा रोखून धरा, त्यापायी आणखी एक तारीख मागावी लागली आणि समोरच्या अर्जदाराने आपल्याविषयी मनात काहीही म्हटले तरी. त्या पत्राची प्रत जावक क्रमांकासह स्वतःकडे ठेवा, कारण पुढे अवमान अर्जात अधिकारी जेव्हा शपथेवर म्हणतात की वकिलांनी आम्हाला काहीच कळवले नव्हते, तेव्हा न्यायाधिकरण पहिला प्रश्न आपल्याला विचारते.